परदेशी विमानातली देशी बाई

अक्काचा पासपोर्ट माझ्या कपाटात सापडला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मुंबईहून तिचं विमान होतं. ती मुंबईत आणि तिचा पासपोर्ट बेंगळुरूत, बसवनगुडीत, माझ्या हातात.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी. नवरा गेल्यापासून ती चौथ्या मजल्यावर एकटी राहायची, इमारतीला लिफ्ट नाही. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात पडली आणि शेजारणीला कळेपर्यंत सकाळची दुपार झाली. तिचा मुलगा आखातात नोकरीला आहे. तो म्हणाला, आता बास, मी येऊन तुला घेऊन जातो. त्याला रजा मिळायला सहा महिने लागले, आणि मिळाली ती दहा दिवसांची. ती रजा दुसऱ्या दिवशी संपत होती. अक्का त्या विमानात बसली नाही, तर तो एकटा परत जाणार होता आणि अक्का पुन्हा चौथ्या मजल्यावर चढणार होती. पुढची रजा वर्षभरानं.

कुणी म्हणेल, मग बहिणीनं ठेवून घ्यायचं. ठेवून घेतलं होतं. माझ्याकडे महिनाभर राहून ती नुकतीच गेली होती. त्या महिन्यात आमची तीन भांडणं झाली. एक आमटीवरून, एक पंख्यावरून आणि एक आईच्या पाटल्या कुणाला मिळाल्या यावरून. ते तिसरं पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं, पण आम्ही पुन्हा केलं. दोघी म्हाताऱ्या, दोघींना आपलंच खरं वाटतं. एका स्वयंपाकघरात महिनाभर टिकलो हेच पुष्कळ.

रिकाम्या घराच्या कुलपावर अक्काचा भरवसा नाही, म्हणून ती पासपोर्ट बरोबर घेऊन आली होती. महत्त्वाचा कागद कपाटात साड्यांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या खाली ठेवायचा, ही आमच्या आईची सवय. ती दोघींना लागलेली. जाताना अक्कानं साड्या उचलल्या आणि वर्तमानपत्र तसंच राहिलं. मुलानं चारदा विचारलं, पासपोर्ट आहे ना? ती चारदा म्हणाली, आहे रे. शेवटी त्यानं स्वतः बॅग उघडली.

फोनवर ती रडत नव्हती. माझ्यावर चिडली होती.

"तुझ्याच कपाटात आहे. तू बघितलं कसं नाहीस?"

"तुझे कागद मी कशाला बघू?"

"मग आता तरी बघ."

बघितलं. सापडला. तो घेऊन मी वरच्या मजल्यावर गेले. तिथं पुण्याची एक मुलगी भाड्यानं राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती एरवी माझ्याशी निम्मं इंग्रजी बोलते आणि मला निम्मं कळतं. तेवढ्यावर आमचं बरं चाललंय.

"आज्जी, कुरिअर उद्या सकाळी पोचणार नाही. कुणालातरी स्वतःच जावं लागेल."

"मी जाते."

"तुम्ही? एकट्या?"

"मग काय वरात काढू?"

ती लॅपटॉप घेऊन बसली. सकाळची सगळी विमानं भरलेली होती. एकात जागा होती. ती म्हणाली, "पण हे इंटरनॅशनल आहे."

"मला परदेशी जायचं नाही."

"तसं नाही हो. हे बेंगळुरूहून मुंबईला जातं आणि तिथून पुढे आखातात. मुंबईत उतरणाऱ्यांसाठी ते डोमेस्टिक. तुम्हाला पासपोर्ट लागणार नाही, आधार पुरेल." मग तिनं अक्काच्या तिकिटाचा नंबर फोनवर विचारून घेतला आणि ओरडली, "अहो आज्जी, हे तर तेच विमान! हेच तुमच्या अक्कांना घेऊन जाणार. म्हणजे तुम्ही पोचल्याशिवाय ते मुंबईहून निघूच शकत नाही!"

हे मला फार पटलं. रात्री झोप चांगली लागली. पण सकाळी निघताना तिनं हळूच सांगितलं की विमान एक वाजता सुटत असलं, तरी काउंटर बाराला बंद होतो. मी उतरणार अकराला. म्हणजे हातात एक तास.

एअरपोर्टवर काउंटरच्या मुलीनं माझं आधार बघितलं, तिकिटाचा कागद दिला आणि माझ्या पदरावर एक गोल लाल कागद चिकटवला. त्यावर इंग्रजी डी. "अज्जी, हे तेगीबेडी," ती कन्नडमध्ये म्हणाली. काढू नका. "मुंबईत हे बघूनच तुम्हाला बाहेर सोडतील." मी सरी म्हटलं, म्हणजे बरं. पुढं पासपोर्टवाल्यांची रांग एकीकडे वळली आणि आम्हा लाल गोलवाल्यांना दुसरीकडून नेलं. सगळे शेवटी एकाच विमानात बसलो.

माझ्या शेजारी पन्नाशीचा एक माणूस होता. वरच्या मुलीशी मी फोनवर बोलत होते ते त्यानं ऐकलं.

"निपाणीकडच्या काय, अज्जी?"

"कशावरून?"

"'बसलोय बघ' म्हणालात. पुण्या-मुंबईची बाई 'बसले' म्हणती."

तोही तिकडचाच निघाला. बेंगळुरूत नोकरीला, एका विमान कंपनीत. त्याचं काम विमानाच्या तेलाचं. कुठल्या विमानानं किती तेल घेतलं, किती जाळलं आणि त्यातलं किती देशातलं, किती परदेशातलं.

"तेलाला कसला आलाय देश?" मी विचारलं.

"असतोय की. परदेशी जाणाऱ्या विमानाला तेल स्वस्त पडतंय, आपल्याकडचे कर लागत नाहीत. देशातल्या देशात उडालं की कर लागतोय. आता हे विमान पहाटे बाहेरनं आलं, तिकडचं तेल पिऊन. बेंगळुरूत उतरलं. आता मुंबईपर्यंत ते देशातलं. मग टाकीत बाहेरचं तेल किती उरलंय ते मोजायचं, कागद करायचा, कर भरायचा. मुंबईतनं सुटलं की पुन्हा परदेशी."

"विमान तेच ना?"

"विमान तेच, पंख तेच, खुर्च्यापण त्याच."

मी चौथी शिकले आहे. पुढची चाळीस वर्षं चिकपेटच्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावले. विमानातलं मला काही कळत नाही, पण हे लगेच कळलं. आमच्या गावाकडे कागलची माणसं हद्द ओलांडून कर्नाटकातल्या पंपावर पेट्रोल भरायला येतात, कारण आमच्या बाजूला स्वस्त. नदी तीच, रस्ता तोच, मध्ये एक पाटी. आणि रेशनचं रॉकेल निळं यायचं, बाजारातलं पांढरं. रंग घातला की ते गरिबाचं झालं. माझ्या स्टोव्हला कधी फरक कळला नाही.

त्याला हे सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. "अज्जी, आमच्या हापिसात या तुम्ही. मला हे साहेबांना समजवायला दोन दिवस लागतात."

"पगार काय देता?"

मग त्यानं आणखी एक सांगितलं, ते मला आवडलं. राज्याराज्यात कर वेगळा, म्हणून जिथं तेल स्वस्त तिथं टाकी जास्त भरून घ्यावी असं कंपनीला वाटतं. पण जास्त भरलं की विमान जड होतं, आणि जड झालं की ते तेलच जास्त पितं. किती भरलं म्हणजे फायदा आणि किती भरलं म्हणजे तोटा, हे रोज बघावं लागतं. कंपनीचा सगळ्यात मोठा खर्च तेलाचा. इतकी वर्षं विमान डोक्यावरून जाताना मी नुसती आवाजाला शिव्या द्यायचे. त्याच्यामागं कुणीतरी बसून एवढा विचार करतो, हे मला ठाऊक नव्हतं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांना दोन तासांत मुंबई गाठता येते. हे मी त्याला म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

उतरायच्या आधी मी दोन चुका केल्या.

पहिली अशी. मी पान खाते. विमानात थुंकायची सोय नाही, म्हणून चोथा तिकिटाच्या कागदात गुंडाळला आणि कचरा गोळा करणाऱ्या मुलीच्या पिशवीत टाकला. दारात बघून फाडून घेतलं म्हणजे त्याचं काम संपलं, अशी माझी समजूत. दुसरी चूक त्यानंतरची. तोंड धुवायला संडासात गेले. नवरा गेल्यावरही मी टिकली लावते. ज्यांना बोलायचं होतं ते बोलून थकले. तोंड धुताना टिकली काढून आरशावर चिकटवायची, हा हाताचा स्वभाव. तशी चिकटवली. पदर भिजू नये म्हणून खोचायला गेले, तर तो लाल गोल निघून येत होता, म्हणून तोही तिच्या शेजारी चिकटवला. तोंड पुसलं, टिकली कपाळाला लावली आणि बाहेर आले.

विमान वेळेवर उतरलं. शेजारचा माणूस "येतो, अज्जी" म्हणून पुढं गेला. माझे गुडघे बसून आखडलेले, म्हणून मी सगळ्यात मागं. लांबच लांब वाटेत दुसऱ्या कुठल्यातरी विमानाची माणसं येऊन मिसळली. ती चालली, तशी मी चालले. पुढं रांग होती. रांग दिसली की उभं राहायचं, एवढं मला येतं.

काचेमागच्या साहेबांनी हात पुढं केला. "पासपोर्ट."

मी कमरेच्या पिशवीतून पासपोर्ट काढून दिला.

त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं. आम्हा दोघींना वडिलांचं नाक आहे. तरी त्यांना काहीतरी खटकलं. "जन्मसाल काय तुमचं?"

मी माझं सांगितलं.

"इथं वेगळं आहे."

"ते अक्काचं."

"कुणाचं?"

"बहिणीचं. पासपोर्ट तिचा आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बहिणीच्या पासपोर्टवर परदेशातून आलात?"

"मी बेंगळुरूहून आले. आधारवर आले. पासपोर्ट नुसता घेऊन आले."

"मग मला का दिलात?"

"तुम्ही मागितलात."

मागची माणसं हसायला लागली. साहेब नाही हसले. त्यांनी तिकीट मागितलं. मी ते कुठं गेलं ते खरं सांगितलं. त्यांनी लाल गोल विचारला. पदर बघितला, नव्हता. मी त्यांना सांगितलं की बाराला काउंटर बंद होतो, अक्का वर थांबली आहे, हा तिला मिळाला नाही तर ती राहील. ते म्हणाले, "आज्जी, दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन या रांगेत आलेल्या माणसाला मी असाच सोडू शकत नाही. कंपनीकडून यादी मागवतो. तिकडं बसा."

पासपोर्ट त्यांच्याकडेच राहिला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा.

वीस मिनिटं मी त्या बाकावर बसले. पिशवीतला फोन वाजत होता, भाचाच असणार; पण तिथं फोन घ्यायला मनाई होती. मी उठून पुन्हा काचेपाशी गेले. "साहेब, विमानाच्या टाकीत परदेशातलं तेल किती उरलं ते तुम्ही लोक मोजून ठेवता. आणि एवढी मोठी बाई कुठनं आली ते सापडत नाही?"

आता ते हसले. "तेलाबरोबर कागद येतो, आज्जी. तुमचा कागद तुम्ही पानाबरोबर फेकलात."

ते बरोबर बोलत होते. मी त्यांच्या जागी असते तर मीही सोडलं नसतं.

शेजारच्या काचेमागं एक बाई बसली होती. ती सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "आज्जी, तो गोल पदरावरून गेला कुठं? आठवा. विमानात काय काय केलंत?"

मी सांगायला लागले. तोंड धुतलं म्हटलं, आणि तिथंच माझं मला कळलं. "आरशावर राहिला."

साहेबांना काहीच समजलं नाही. "आरशावर कशाला?"

ती बाई मात्र कपाळाला हात लावून हसली. "सर, आमच्या घरी या, आरशावर सात टिकल्या दाखवते." आणि तिनं फोन उचलला.

विमान अजून तिथंच उभं होतं, आणि आत सफाई चालली होती. पाच मिनिटांत कंपनीचा एक माणूस यादी घेऊन धावत आला. त्याच्यामागं सफाईची एक बाई, हातमोजा घातलेल्या बोटावर लाल गोल चिकटवलेला. नंतर कळलं, माझ्या शेजारचा तो तेलवाला देशातल्या दारानं बाहेर पडल्यावर माझ्यासाठी थांबला होता. मी येईना, तेव्हा त्यानंच कंपनीच्या माणसाला सांगून यादी काढायला लावली होती. म्हणून ती एवढ्या लवकर आली.

सफाईची बाई मला म्हणाली, "मावशी, टिकल्या रोज निघतात. कालच तीन काढल्या. हे मात्र पहिल्यांदाच बघितलं."

"माझी टिकली नेली नाहीस ना?"

"कपाळावर आहे की तुमच्या!"

साहेबांनी यादीत माझं नाव बघितलं, आधार बघितलं, अक्काच्या पासपोर्टची पानं उलटली. त्यावर कुठलाच शिक्का नव्हता. अक्का आयुष्यात कधी बाहेर गेलीच नव्हती. त्यांनी पासपोर्ट परत दिला. वर म्हणाले, "चाकं लावलेली खुर्ची देतो, लवकर जाल." मी एरवी अशा खुर्चीत बसले नसते. त्या दिवशी बसले. कंपनीच्या माणसानं ती जवळजवळ पळवत नेली.

दाराबाहेर भाचा उभा होता. घामानं शर्ट चिकटलेला. त्यानं नमस्कार केला नाही, मावशी म्हटलं नाही, पासपोर्ट ओढून घेतला आणि जिन्याकडे पळाला. पन्नास वर्षांचा पोट सुटलेला माणूस एवढ्या जोरात पळतो हे मी पहिल्यांदा बघितलं. बाराला सात मिनिटं होती.

मी तिथंच थांबले. चहा घेतला. बारा वाजून दहा मिनिटांनी अक्काचा फोन आला.

"घेतलं गं आत. बॅगा गेल्या."

"बरं झालं."

"तू कुठायस?"

"खाली. चहा पितेय."

"मग वर ये की."

"तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. आणि तू आता परदेशी झालीस, बाहेर येता येणार नाही."

"म्हणजे भेट नाहीच? मग एवढी धावत आलीस कशाला?"

"तुला हाकलायला."

ती हसली. तिनं विचारलं, गुडघे कसे आहेत. मी म्हटलं, आहेत. तिनं फोन ठेवला.

भेट झाली नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं, आता वाटत नाही. भेटलो असतो तर चौथं भांडण झालं असतं. त्या दिवशी ज्यांनी मला मदत केली त्यांच्यातल्या एकाचंही नाव मी विचारलं नाही. वरच्या मुलीनं तिकीट काढलं. तेलवाला स्वतःचं काम सोडून थांबला. काचेमागच्या बाईला आरशाचं कळलं. सफाईच्या बाईनं तो एवढासा कागद कचऱ्यात टाकला नाही. साहेबांनी मला अडवलं, पण अडवताना एकदाही आवाज चढवला नाही. शहाण्णव कुळांत शोधूनही यांच्यातला एकही माझा नातेवाईक निघणार नाही. मी फारशी देवाधर्माची बाई नाही, पण यांची आठवण रोज करते.

अक्का आता दर शुक्रवारी फोन करते. तिकडे त्या दिवशी सुट्टी. उन्हाची तक्रार करते, सुनेच्या हातच्या भाकरीची तक्रार करते. मागच्या महिन्यात तिला ताप आला होता, चांगला चार दिवस. मला कळलं ते उतरल्यावर. मी चिडले. म्हटलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुला कशाला सांगायचं?" अक्का म्हणाली. "घरात माणसं होती की."